मदत हवी आहे: घाना प्रवास, ६७ वर्षांची आई आणि पिवळ्या तापाची लस

नमस्कार मंडळी,

धाकटा भाऊ नोकरीनिमित्त घानात, टेमाला असतो. अक्रा राजधानी, तिच्या शेजारचंच हे बंदर. चार महिन्यांपूर्वी त्याला मुलगा झाला. जन्म शुक्रवारचा, म्हणून शेजारपाजार त्याला कोफीच म्हणतो. तिकडे जन्मवारावरून नाव पडतं (कोफी अन्नानही शुक्रवारचेच). नातवाचं तोंड बघायला आई निघालीय, सोबत मी. डिसेंबरात तीन आठवडे.

आधी एका एजंटकडे गेले. त्याने पाठवलेली कागदपत्रांची यादी आई चष्मा लावून वाचत होती. तिनेच विचारलं, "हे जॉर्जटाउन कुठे आलं गं?" गृहस्थांनी गयानाची यादी पाठवली होती! मध्ये अख्खा अटलांटिक.

तेव्हापासून मीच खटपट करतेय. व्हिसा आधीच काढायचा, पासपोर्ट दिल्लीला त्यांच्या उच्चायुक्तालयात जाणार. भावाचं निमंत्रणपत्र आणि त्याच्या तिथल्या ओळखपत्राची प्रत आली आहे. पासपोर्टची मुदत भरपूर आहे.

घोडं अडलंय लशीवर. नऊ महिन्यांपुढच्या प्रत्येकाला पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. परत येतानाही ते नसेल तर आपल्याकडे सहा दिवस विलगीकरण. मी सरकारमान्य केंद्रात जाऊन टोचून आले. (प्रमाणपत्राच्या पिवळ्या पुस्तिकेत पासपोर्ट नंबरातल्या ८ चा ३ झाला होता, तिथल्या तिथे बदलून घेतला. तुम्हीही तपासा.) आईला मात्र केंद्रातल्या डॉक्टरांनी थांबवलं. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेतली तर क्वचित गंभीर त्रास होतो म्हणे. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात, बीपी-शुगर आटोक्यात आहे, तुम्ही ठरवा. आता मी काय ठरवू?

लस न देता डॉक्टरांचं पत्र नेलं तर अक्राला चालतं का? आई-वडिलांना असं कोणी नेलंय? शिवाय भावजयीसाठी घरचं मेतकूट आणि डिंकाचे लाडू न्यायचेत, अडवतील का?

गारवा_७१:
सासऱ्यांना घानातच, कुमासीला नेलं होतं. त्या पिवळ्या पुस्तिकेतच वैद्यकीय कारणाने लस देता येत नसल्याची नोंद करायला जागा असते. एमडींचं इंग्रजी पत्र दाखवून ती भरून, शिक्का मारून घेतली. अक्राला दहा मिनिटं चौकशी झाली आणि सोडलं. पण ते त्या अधिकाऱ्याच्या हातात असतं, हमी मी देणार नाही. परतताना आम्ही नणंदेकडे दुबईत आठवडाभर राहिलो, म्हणजे घाना सोडून सहा दिवस उलटूनच मुंबईत उतरलो, त्यामुळे विलगीकरणाचा प्रश्न आला नाही.

क्रम चुकवू नका. आधी लस किंवा सूट, मग व्हिसा. व्हिसाच्या अर्जाला आम्हाला त्या पुस्तिकेची प्रत जोडावी लागली, आणि केंद्रात मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. तो दिल्लीत अडकला की बसा.

सूट मिळाली तरी डास काही पत्र वाचत नाहीत. मलेरियाचा डास रात्री चावतो, पिवळ्या तापाचा दिवसा. नुसत्या मच्छरदाणीवर राहू नका. पूर्ण बाह्या, अंगाला लावायचं मलम, आणि मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करा.

पाटलीण:
डिसेंबरात सहारातून हरमाटन वारा येतो, सगळीकडे धूळ. आईंना खोकल्याचा त्रास असेल तर तयारीने जा. मेतकूट-लाडू सीलबंद करा, वर इंग्रजीत नाव लिहा, विचारलं तर सरळ सांगा. आणि बाळाला मिलिटरी छापाचे कपडे नेऊ नका, तिथे साध्या नागरिकांना ते घालायला बंदी आहे.

धागाकर्ती:
पाटलीणताई, अहो, बारशाला म्हणून नेमका तोच ड्रेस घेतलाय! उद्या बदलून आणते. गारवा, दुबईचा आठवडा आम्हाला परवडणार नाही, तिथे आमचं कोणीच नाही. सोमवारी आईला एमडींकडे नेते. लस द्या म्हणाले तर देऊनच टाकू, कारण टोचल्यापासून दहा दिवसांनीच ती ग्राह्य धरतात आणि अजून तिकीट काढायचंय. काय म्हणाले ते इथेच कळवते.