पिकअपला कंपनीपेक्षा मोठे टायर टाकावेत का?

वरुडचा पिकअपवाला :
संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला आला की आमच्या वरुड-मोर्शी भागात बागेबागेत पिकअप उभ्या दिसतात. यंदा त्यातल्या बऱ्याच गाड्यांचे २१५/७५ आर १५ टायर उतरवून २३५/७५ आर १५ टाकलेले पाहतो आहे. टायरच्या दुकानात सांगतात की गाडी उंच होते, माल जास्त झेपतो, पांदणीत फसत नाही. माझं मत स्पष्ट आहे. माल वाहणाऱ्या गाडीला हे करू नका.

हिशोब कोणीही करू शकतो. २१५ ही टायरची मिमीतली रुंदी. तिचे ७५ टक्के म्हणजे १६१ मिमी, ही टायरच्या भिंतीची उंची. ती दोनदा घ्या, त्यात रिमचे १५ इंच म्हणजे ३८१ मिमी मिळवा. झाले ७०३ मिमी. मोठ्या टायरचे असेच काढले तर ७३३. फरक सव्वाचार टक्क्यांचा. चाक एका फेरीत तेवढे जास्त अंतर कापते, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक गिअर तेवढा जड झाला. क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या एक्सलमधली गिअरची जोडी, ४१/९ दातांची असेल तर रेशो ४.५६ पडतो. मोठ्या टायरवर तोच ४.३७ असल्यासारखा वागतो. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, माल तोच, ओढ मात्र कमी.

रिकाम्या गाडीत हे कळत नाही. भरलेले क्रेट घेऊन बागेतून डांबरी रस्त्यावर चढताना कळते, कारण रस्ता वर आणि शेत खाली. पूर्वी क्लच सोडला की गाडी निघायची. आता ड्रायव्हर अर्ध्या क्लचवर इंजिन रेस करून धरतो आणि केबिनमध्ये जळका वास येतो. तो क्लच प्लेटच्या अस्तराचा असतो. पुढे प्रेशर प्लेट निळी पडते, फ्लायव्हीलवर चट्टे येतात, आणि एका प्लेटच्या जागी सगळा सेट बदलावा लागतो. ब्रेकचेही तसेच. ड्रम तेवढाच राहिला, चाकाची त्रिज्या वाढली, तर तेवढ्याच दाबाला जमिनीवर गाडी रोखणारा जोर कमी मिळतो.

आणि उंची? व्यास ३० मिमी वाढला, पण मागच्या एक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून फक्त दीड सेंटीमीटर वर गेला. एवढ्यासाठी हा सगळा खर्च?

खारपाणपट्टा :
भाऊ, तुमचा हिशोब बरोबर असन. पण तुमची जमीन अन् आमची जमीन एक नाई. इकडे दर्यापूरकडं पूर्णेच्या खोऱ्यात काळी माती इतकी खोल हाय का खाली मुरूम लागतच नाई. अरुंद टायर चिखल कापत खाली जाते अन् खाली त्याले टेकाले काहीच सापडत नाई. रुंद टायर वरच्या वर तरते. मी हे माह्या डोळ्यानं पाह्यलं हाय, एकाच पांदणीत, एकाच दिवशी.

गाडी रुतली का ट्रॅक्टर बोलवा, त्याचे पैसे द्या. तंवर कापूस भिजला तं जिनिंगवाला भाव पाडते. क्लच प्लेट तं कधी तरी बदलाच लागते, वर्षभर आधी बदलली तरी मले परवडते. अन् आपल्या बापजाद्यांनी बैलबंडीचं चाक एवढं उंच काहून ठेवलं होतं, हे बी सांगा.

वरुडचा पिकअपवाला :
दादा, बंडीचं चाक उंच, पण त्याची लोखंडी धाव अरुंद. आणि मुख्य म्हणजे त्याच्यावर मडगार्ड नसतं. काळी माती टायरला चिकटून वर येते आणि टायर व मडगार्ड यांच्यामधल्या फटीत भरते. टायर मोठा झाला की ती फटच कमी होते. मग माती आत दाबली जाऊन ढेकळासारखी घट्ट बसते आणि चाक फिरतच नाही. सब्बल घालून माती काढणारे ड्रायव्हर तुम्हीही पाहिले असतील. तुम्हाला तरायचं असेल तर त्याच मापाचा, मागच्या चाकांना खोल लगचा, म्हणजे खोल जाड नक्षीचा, टायर घ्या. चिखलापुरती हवा थोडी कमी करा आणि डांबरावर आल्याबरोबर पुन्हा भरा. पकड नक्षीने आणि हवेने मिळते, त्याला व्यास वाढवावा लागत नाही.

बुलडाण्याचा चारशेसात :
माझ्या टाटा ४०७ ट्रकला ७.५०-१६ च्या जागी ८.२५-१६ टाकले. व्यास जवळपास ५ सेंटीमीटरने वाढला. राजूर घाटात जिथे तिसऱ्यावर चढायची तिथे आता दुसरा टाकावा लागतो हे खरं. पण सपाटीला खामगाव-अकोल्याकडे इंजिन शांत चालतं, आवाज कमी, ड्रायव्हर थकत नाही. तोटा एकच, ॲव्हरेज ९ वरून साडेआठवर आलं.

परतवाड्याचा मिस्त्री :
ॲव्हरेज पडलंच नाही, भाऊ. तुमचं मीटर गिअरबॉक्सच्या फेऱ्या मोजते, टायरचा व्यास त्याले माहीत नाही. व्यास ६ टक्के वाढला तर मीटर १०० दाखवते तेव्हा गाडी १०६ चाललेली असते. साडेआठला १.०६ ने गुणा, ९ च येते. काटा ६० वर असला तर गाडी ६३-६४ ने पळत असते, हे घाट उतरताना लक्षात ठेवा. आणि ऑइल बदलाचे १०,००० किलोमीटर मीटरवर पाहून मोजत असाल तर गाडी तेव्हा १०,६०० चाललेली असते.

मला मात्र तुमच्या मागच्या जोड टायरची काळजी वाटते. ८.२५ चा टायर रुंद, त्याला रिमही रुंद लागते. जुन्याच रिमवर चढवला असेल तर आतला आणि बाहेरचा टायर यांच्या भिंतींमध्ये जागा उरत नाही. माल भरला की त्या एकमेकींना घासतात. एप्रिल-मेमध्ये अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा हे टायर आतून भाजून निघतात आणि फुटतात. गाडी भरून उभी करा आणि दोन्ही टायरच्या मधून हात घालून पाहा. हात जात नसेल तर त्या टायरवर अजिबात चालवू नका.

दुसरी गोष्ट कोणीच बोलत नाही. पैसे नाहीत म्हणून लोक एकाच बाजूला नवा टायर टाकतात. मागच्या डाव्या-उजव्या चाकांचे व्यास वेगळे झाले की डिफरन्शियलमधले छोटे गिअर सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात. ते वळणापुरते फिरायला बनवलेले आहेत. ऑइल तापते, वॉशर झिजतात, मग हौजिंगमधून आवाज सुरू होतो आणि मालक मला सांगतो की क्राऊन खराब निघाला. फोर बाय फोर कॅम्परमध्ये तर पुढे-मागे वेगळे माप टाकून डांबरावर फोर व्हील लावली की ट्रान्सफर केसचाच, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचाच, जीव जातो.

खारपाणपट्टा :
मिस्त्री, मंग क्राऊनच बदलून देत असाल तं? ओढ वापस येईन का नाई?

परतवाड्याचा मिस्त्री :
येईल, पण मापात बसत नाही. ४१/९ काढून ४१/८ टाकला तर रेशो ४.५६ चा ५.१२ होतो, म्हणजे साडेबारा टक्के. तुम्हाला हवे सव्वाचार. हायवेवर इंजिन ओरडत राहील. शिवाय क्राऊन-पिनियन जोडीनेच बदलावी लागते आणि दातांमधली मोकळीक शिमने, म्हणजे पातळ चकत्या घालून, बरोबर बसवावी लागते. घाईत बसवली तर थोड्याच दिवसांत दात उडतात.

चांदूर रेल्वे :
कागदाचा विषय राहिला. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५८ प्रमाणे माल वाहतुकीच्या गाडीच्या नोंदणीत टायरची संख्या, प्रकार आणि माप लिहिलेलं असतं. कलम ५२ प्रमाणे नोंदणीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरला यातून दावा अडवायला जागा मिळते. आणि मोठा टायर म्हणजे जास्त माल, हे तर डोक्यातून काढाच. पासिंगचं वजन तेच राहतं. कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहे.

वरुडचा पिकअपवाला :
शेवटच्या मुद्द्यावर मी पूर्ण सहमत. आमच्याकडे मोठ्या टायरचं पहिलं कारण तेच असतं, चिखल नंतर येतो. पाटे, हब बेअरिंग, एक्सल, सगळे जुने, आणि वर पन्नास क्रेट जास्त. बिचारा ड्रायव्हर ब्रेकवर उभा राहतो.

खारपाणपट्टा :
मी ओव्हरलोड करत नाई, म्हणून ते माह्यावर घेत नाई. टायर मी उतरवणार नाई. आमच्या पांदणीवर खडीकरण होईन तंवर मले तेच पाह्यजे, आरटीओनं अडवलं तं तेव्हाचं तेव्हा पाहू. पण मिस्त्री बोलले ते डाव्या-उजव्याचं खरं हाय, माह्या मांगच्या दोन टायरात एक जुन्यावर नवं रबर चढवलेलं हाय. उद्या सुतळी गुंडाळून दोघाचा घेर मोजतो. किती फरक चालते, ते तेवढं सांगा.

परतवाड्याचा मिस्त्री :
एका जोडीत किंवा एका एक्सलवर जितका कमी तितका बरा. सुतळीनं मोजताना हवा दोन्हीत सारखी भरा, नाहीतर माप चुकेल. डोळ्याला दिसण्याएवढा फरक निघाला तर रबर चढवलेला टायर स्टेपनीला टाका आणि मागे एकाच मापाची, एकाच झिजेची जोडी लावा.