गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या पायवाटांवर ई-बाइक नेली तर चालेल का?

डिचोलीकर: सहा वर्षं साधी एमटीबी (डोंगरवाटांवरची माउंटन बाइक) चालवतोय, आता गुडघा चढाला साथ देत नाही म्हणून ई-एमटीबी घ्यायची म्हणतोय, पण ग्रुपमधल्या दोघांनी तोंडावर सांगितलं मोटार लावलीस तर आमच्याबरोबर येऊ नकोस. फार लागलं मनाला. खरंच ट्रेल खराब होते का हो?

फोंड्याचा सायकलवाला: दादा, बिनधास्त घ्या. पेडल मारल्यावरच मदत करणारी, 25 च्या स्पीडला मोटार बंद होणारी असेल तर ती सायकलच. आपल्या नियमातही 250 वॉट आणि ताशी 25 किमीच्या आतली बाइक ‘मोटार वाहन’ म्हणून धरत नाहीत. घाम तर तुमचाच ना?

वाळपयकर: पेडलवालीला माझा विरोध नाही, थ्रॉटलवालीला, म्हणजे मूठ पिळली की पेडल न मारताही पळते तिला, आहे. गेल्या पावसात आमच्या बागायतीमागच्या चढावर एकाने थ्रॉटल पिळला, मागचं चाक जागीच फिरलं आणि जांभ्याच्या लाल चिखलात वीतभर चर पडला, मग पाणी तिथूनच धावायला लागलं नि दोन आठवड्यांत वाटेची कडाच गेली. त्यात वीस-बावीस किलोची बाइक, वळणावर समोरून डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन बाई आली तर थांबणार कशी? आणि म्हादई अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते, बाइक कुठलीही असो.

डिचोलीकर: पटलं. थ्रॉटल नकोच, आणि पावसाळ्यात डांबरी रस्त्यावरच फिरेन. त्या दोघांना रविवारी घरी चहाला बोलावतो.