सहाव्या पानावरचा मासा: उन्हाळी की हिवाळी?

पत्रक समितीकडून:
सप्रेम नमस्कार. पत्रक गुरुवारी छपाईला जाणार असून सहाव्या पानावरच्या छायाचित्राखालची ओळ अजून ठरलेली नाही. सेलमच्या काकांनी एप्रिलअखेरीस ओरेगॉनमधल्या सँटियम नदीवर टिपलेला स्टीलहेड (समुद्रात वाढून अंडी घालायला नदीत परतणारा ट्राउट मासा) चांदीसारखा चकचकीत आहे, म्हणून समितीने ‘उन्हाळी चढणीचा’, म्हणजे उन्हाळ्यात नदीत शिरणारा, असे लिहिले होते. त्यावर दोन सभासदांनी हरकत घेतली आहे. गेल्या वर्षी फलकावर चुकीचे छापले गेले आणि मुलांनी तेच पाठ केले, हे पुन्हा घडू नये. कृपया उद्या रात्रीपर्यंत कळवावे.

उत्तर, बीव्हर्टनहून:
हरकत घेणाऱ्यांपैकी मी एक. नुसत्या चकाकीवरून काहीच ठरवता येत नाही. समुद्रातून नुकताच आलेला कोणताही स्टीलहेड चांदीसारखाच दिसतो. अंडी घालण्याची वेळ जवळ आली की अंग काळपट होते आणि कुशीवर गुलाबी पट्टा उमटतो. जानेवारीत चकचकीत मासा मिळाला तर तो बहुधा हिवाळी असतो, आणि त्याच डोहातला काळपट मासा आदल्या उन्हाळ्यात शिरून तेथेच थांबलेला उन्हाळी असू शकतो. मे महिन्यात हे बरोबर उलटे होते. रंगावरून अंडी घालायला किती अवकाश आहे एवढेच कळते, म्हणून तारीख सोबत लागतेच. त्यातही अंडी घालून समुद्राकडे परतणारा हिवाळी मासा पुन्हा उजळू लागतो, मात्र तो कृश झालेला असतो.

उत्तर, हिल्सबरोहून:
बीव्हर्टनच्या दादांच्या पत्रातला तारखेचा मुद्दा पटला, पण ‘चढण’ या शब्दाबद्दल मला लिहिलेच पाहिजे. आमच्याकडे रत्नागिरीत पहिल्या पावसात ओढ्याला येणारे चढणीचे मासे पोटात भरलेली गाभोळी, म्हणजे अंडी, घेऊनच चढतात. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात येणारा हिवाळी स्टीलहेड तसाच असतो. तो आला की थोड्याच काळात अंडी घालतो. उन्हाळी मात्र मे ते ऑक्टोबरच्या सुमारास शिरतो तेव्हा त्याची गाभोळी बारीक दाण्यांची आणि कच्ची असते, आणि अंगातल्या चरबीवर अनेक महिने काढून तो पुढच्या हिवाळा-वसंतात अंडी घालतो. नाव नदीत शिरण्याच्या ऋतूवरून पडले आहे, अंडी घालण्याच्या नव्हे, हे मुलांना सांगायलाच हवे. आमच्या घरी मासा साफ करताना गाभोळीवरूनच ओळख पटत असे. छायाचित्रात पोट दिसत नाही, हीच अडचण आहे.

उत्तर, सेलमहून:
छायाचित्र माझे आहे आणि मासा मी हाताळला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला होता व जखम भरलेली होती, म्हणजे तो मासा मत्स्यबीज केंद्रातला होता; तेथल्या माशांचा हा पर खूण म्हणून कापतात. सँटियम ही विलॅमेट नदीला तिच्यावरच्या धबधब्याच्या वर मिळणारी नदी आहे. त्या धबधब्यावरून पूर्वी फक्त हिवाळी मासे चढत, कारण हिवाळ्या-वसंतातल्या भरल्या पाण्यातच तो ओलांडता येत असे. सिलेट्झ नदीवर नेमके उलटे आहे. तेथला धबधबा उन्हाळी मासेच पार करत आले आहेत. विलॅमेटच्या वरच्या खोऱ्यात उन्हाळी मासा माणसाने आणला, आणि त्याचा वंश वॉशिंग्टन राज्यातल्या वॉशूगल नदीवरच्या स्कमेनिया केंद्राचा आहे. त्यामुळे तेथे पर कापलेला, अंगाने भरलेला आणि चकचकीत मासा एप्रिलअखेरीस दिसला तर तो उन्हाळीच समजावा. हा नियम क्लॅकमस नदीला लावू नये. ती विलॅमेटला धबधब्याच्या खाली मिळते आणि तेथे केंद्रातले हिवाळी मासेही असतात.

उत्तर, बीव्हर्टनहून:
काकांचे म्हणणे मान्य आहे आणि माझी हरकत मी मागे घेतो. तरीही लवकर, म्हणजे गाभोळी कच्ची असतानाच, नदीत शिरण्याची प्रवृत्ती गुणसूत्राच्या एका लहानशा भागाशी, ‘ग्रेब-१-एल’ जनुकाच्या परिसराशी, जोडलेली असल्याचे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले आहे. हे एक वाक्य तरी घ्यावे.

पत्रक समितीकडून:
पानावर दोनच ओळींची जागा आहे, आणि मजकुराचा निर्णय समितीचाच राहील. जनुकाचे वाक्य पुढच्या अंकात घेऊ. आता अशी ओळ जाईल: ‘उन्हाळी चढणीचा स्टीलहेड, सँटियम नदी, एप्रिल. पर कापलेला, केंद्रात वाढलेला. येथला मूळ मासा हिवाळी.’ काकांनी मूळ आकाराचे छायाचित्र आज रात्री पाठवावे, कारण आलेल्या प्रतीत पाठीचा तो भाग कापला गेला आहे.