‘मलप्रभा’ हे मुलीचं नाव : अर्थ, उगम आणि वापर

निपाणीकर

मुलीचं नाव ‘मलप्रभा’ ठेवायचं घाटतंय. आजोळ खानापूर तालुक्यातलं, म्हणून नदीचं नाव पुढे आलं. पण कोश उघडला की मल म्हणजे घाण, विष्ठा. मग मलप्रभा म्हणजे काय, घाणीचं तेज? दुसरं, हे नाव मुलींना खरंच ठेवतात का, की नुसतं नदीचं आणि कारखान्याचं? तिसरं, कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही ठिकाणी ते कसं लिहावं? जाणकारांनी सांगावं.

जांबोटीकर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. होय, ठेवतात, पण मोजक्याच घरांत. पट्टाही ठरलेला आहे: खानापूर, बेळगाव, बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग, पुढे बागलकोट. म्हणजे जिथून नदी वाहते तिथेच नाव सापडतं. पुण्यामुंबईच्या हजेरीपटात ते शोधून मिळायचं नाही. सर्वांना माहीत असलेलं अलीकडचं उदाहरण म्हणजे तुरमुरीची मलप्रभा जाधव. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात, ५२ किलो वजनी गटात तिनं कांस्यपदक जिंकलं. तेव्हा आपल्या भागाबाहेरच्या अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं असेल.

नदीचा हिशेब: उगम कणकुंबीला, म्हणजे चोर्ला घाटाच्या वाटेवर. तिथून खानापूर, एम. के. हुबळी, मुनवळ्ळी, पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाचं धरण. त्या जलाशयाचं नाव रेणुकासागर. मग रामदुर्ग, पट्टदकल, ऐहोळे आणि कूडलसंगमला कृष्णेत विलीन. लांबी सुमारे ३०४ किलोमीटर. काठावर यल्लम्मा, चालुक्यांची देवळं आणि बसवण्णांचं ऐक्यस्थळ असलेली नदी आहे ही. तिच्या नावाला घाणेरडं म्हणणं जरा जडच जातं बघा.

व्याकरणी

जड जातं म्हणून अर्थ बदलत नाही ओ. पण निपाणीकरांनी केलेली फोड मात्र पूर्ण नाही. तीन वाटा आहेत, एकेक बघू.

पहिली, सरळ संस्कृत फोड: मल + प्रभा. शब्द शुद्ध, अर्थ विचित्र. नदीला असं नाव कुणी हौसेनं देणार नाही. ही फोड बाजूला ठेवा.

दुसरी वाट ‘मलापहारी’. जुन्या संस्कृत लिखाणात या नदीचं हे रूप येतं. मल + अपहारी, म्हणजे मल दूर करणारी. इथे मल म्हणजे नुसता अंगावरचा मळ नव्हे. शैव मतात आणव, मायीय आणि कार्मिक असे तीन मल सांगितले आहेत, जिवाला चिकटलेले. लिंगायत परंपरेलाही मलत्रय ओळखीचं आहे. तेव्हा शेवटी कूडलसंगमला पोचणाऱ्या नदीला ‘मल हरणारी’ म्हणणं त्या मुलखात शोभून दिसतं. अडचण एवढीच की हा अर्थ मलापहारीचा आहे, मलप्रभेचा नाही. ‘अपहारी’ची ‘प्रभा’ कशी झाली ते ध्वनीच्या नियमानं सिद्ध करता येत नाही. बोलीतल्या नावाला पंडितांनी संस्कृत साज चढवला, असंही घडलेलं असू शकतं.

तिसरी वाट कन्नडची. ‘मले’ म्हणजे डोंगर, डोंगरी रान. मलेनाडू, मले महादेश्वर ही त्यातलीच नावं. संस्कृत ‘मलय’ही मूळ द्राविडी असावा असं बरेच अभ्यासक मानतात. या वाटेनं मलप्रभा म्हणजे डोंगरातून उजळत आलेली.

तिसरं गेट

तिसऱ्या वाटेवर शंका. शब्द ‘मले’ असेल तर नदी ‘मलेप्रभा’ व्हायला हवी होती. ‘ए’ गेला कुठे?

व्याकरणी

जातो की. मलबार आणि मलयाळम घ्या. दोन्हीत डोंगराचाच शब्द आहे आणि शेवटचा स्वर गळून ‘मल’ उरलाय. आपण बोलतानाही मलेनाडूला सर्रास ‘मलनाड’ म्हणतो.

मला जास्त वजनदार वाटतो तो जोडीचा पुरावा. शेजारची नदी घटप्रभा. कन्नडात ‘घट्ट’ म्हणजे घाट, सह्याद्रीची रांग. दोघी सह्याद्रीतूनच उगवतात. एक घाटातली प्रभा, एक डोंगरातली प्रभा. घटप्रभेचा ‘घट’ मडक्याचा मानायचा आणि मलप्रभेचा ‘मल’ घाणीचा, तर जोडीला काही अर्थच राहत नाही. घाट आणि डोंगर धरले की दोन्ही नावं एका सुरात बोलतात. हा तर्क आहे, शिलालेखात कोरलेला निकाल नव्हे. पण माझं मत या बाजूला.

आणखी एक. १८०० च्या आसपासच्या इंग्रजी कागदांत या नद्या ‘मालपुर्बा’ आणि ‘गुटपुर्बा’ अशा येतात. साहेबाच्या कानावर बोलीतलं ‘परभा’ पडलेलं दिसतं, जसा प्रभूचा परभू होतो. म्हणजे दोन्ही नावांचा शेवट तेव्हा लोकांच्या तोंडीही एकच होता. जोडी अलीकडची नाही.

अनगोळकर

घाणीचा अर्थ मराठी कानाला एवढा का टोचतो, तेही बघायला हवं. घरातला शब्द ‘मळ’: कानातला मळ, कपड्याचा मळ, मळकट. ‘मल’ आपल्याला भेटतो तो मलमूत्र, मलनिस्सारण, मलशुद्धी अशा सरकारी आणि दवाखान्याच्या शब्दांत. म्हणून तो जास्त वाईट वाटतो. मलई, मलमल, मलम यांत तोच ‘मल’ ऐकू येतो, पण नाक कुणी मुरडत नाही, कारण आख्खा शब्द ओळखीचा. मलप्रभेचंही तसंच. खानापुरात शब्द फोडून बघायची गरजच पडत नाही, ती नदी आहे. साताऱ्या-सांगलीच्या पुढे मात्र प्रत्येकाला सांगत बसावं लागेल. नाव ठेवणाऱ्यानं ही तयारी ठेवावी.

शाळेत चिडवतील का? चिडवतील, पण घाणीवरून कमी. आपल्याकडे मलप्रभा म्हणजे आधी एम. के. हुबळीचा साखर कारखाना आणि मग ग्रामीण बँक. बँक २००५ मध्ये कर्नाटक विकास ग्रामीण बँकेत विलीन झाली, त्यामुळे एक विनोद आपोआप कमी झाला.

तिसरं गेट

लिहिण्याबद्दल. खरी डोकेदुखी इथे आहे.

मराठीत आपण ‘मल्‌प्रभा’ म्हणतो. ‘ल’मधला अ खाऊन टाकतो, जसं ‘जनता’चं ‘जन्ता’ करतो. कन्नड माणूस तो अ पूर्ण म्हणतो: म-ल-प्र-भा. त्यामुळे इंग्रजी स्पेलिंग दोन होतात. मराठी घरात सांगून लिहिलं तर एलनंतर थेट पी, कन्नडावरून उतरवलं तर एलनंतर ए. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, दहावीच्या मार्क्स कार्डावर तिसरं झालं की पासपोर्टच्या वेळी प्रतिज्ञापत्रं करत बसा. माझा सल्ला: एलनंतर ए घालाच. नदीचं सरकारी स्पेलिंग तेच आहे, आणि कर्नाटकातला दाखला कन्नड-इंग्रजीत असल्यानं कन्नडाशी ते जुळतं.

कन्नड अक्षरांत दोन ठिकाणी चूक होते. एक, ‘ल’ऐवजी ‘ळ’. कन्नडात मले म्हणजे डोंगर आणि मळे म्हणजे पाऊस, त्यामुळे टाइप करणाऱ्याला ‘ळ’ही खटकत नाही. दोन, कन्नड ‘म’ आणि ‘व’ दिसायला सख्खे भाऊ. हातानं भरलेल्या अर्जात ‘म’चं शेपूट राहिलं तर मुलगी ‘वलप्रभा’ होते. अर्जावर कन्नडात ठळक लिहा, आणि दाखला हातात घेतल्यावर खिडकीवरून हलायच्या आधी वाचा.

देवनागरीत ‘मल्लप्रभा’ असं द्वित्त लिहू नये. ते मल्लिकार्जुन आणि मल्लव्वाच्या सवयीनं येतं.

नाव अजून पक्कं नसेल तर घाई नको. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, पण ती नावाशिवायही होते. नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. एकदा चढलेलं नाव बदलणं मात्र त्रासाचं. कोरी जागा परवडली, चुकलेलं अक्षर नाही.

जांबोटीकर

मल्लव्वाचा विषय निघाला म्हणून. मल्लव्वा, मल्लम्मा आणि मराठी घरातली ‘मल्लवा’ यांचा मलप्रभेशी संबंध नाही. ती नावं मल्लय्या-मल्लिकार्जुनाकडून आलेली. त्यांना ‘अव्वा’ म्हणजे आई हा शब्द जोडतात. यल्लव्वा, निंगव्वा, गंगव्वा त्याच साच्यातल्या. मराठीत लिहिताना आपण त्यांचं यल्लवा, निंगवा करतो, कुणी यल्लूबाईही. मलप्रभाला लाडानं मलू किंवा नुसतं प्रभा म्हणतात, आणि धाकटी भावंडं प्रभाक्का. ‘मल्ली’ म्हणू लागलात की लोक मल्लव्वाच समजणार.

व्याकरणी

विभक्तीची एक गंमत सांगायची राहिली. नदी असेल तर ‘मलप्रभेला पूर आला’, मुलगी असेल तर ‘मलप्रभाला हाक मार’. आकारान्त स्त्रीलिंगी शब्दाचं सामान्यरूप एकारान्त होतं: शाळा-शाळेला, गंगा-गंगेला. आजच्या बोलण्यात व्यक्तिनामं त्यातून सुटली आहेत. शोभेला कुणी म्हणत नाही, शोभालाच म्हणतात. सीतेला, राधेला ही जुनी रूपं पोथीतल्या मोठ्या नावांपुरती टिकली. म्हणून बातमीत ‘मलप्रभेनं पदक जिंकलं’ असं छापलं तर वाचणाऱ्याला नदी आठवेल. तिथे ‘मलप्रभानं’च हवं.

निपाणीकर

हे सगळं कामाचं आहे. आता घरातला एक आक्षेप: मुलींना नदीचं नाव ठेवू नये असं शास्त्रात आहे म्हणे. शिवाय नावाचं अक्षर जुळतं का?

व्याकरणी

मनुस्मृतीत वधू निवडताना नक्षत्र, वृक्ष, नदी यांची नावं असलेली मुलगी टाळावी असं आहे खरं: ‘नर्क्षवृक्षनदीनाम्नीं’. तिसऱ्या अध्यायातला नववा श्लोक. तो पाळला असता तर गोदावरी, यमुना, नर्मदा, कृष्णा, सिंधू, भागीरथी यांतली एकही सून कुणाच्या उंबऱ्यात आली नसती. हा नियम समाजानं कधी मनावरच घेतला नाही.

मुलीच्या नावाचे नियम वेगळे. दुसऱ्या अध्यायात म्हणतो, नाव उच्चारायला सोपं, अर्थ स्पष्ट, शेवट दीर्घ. मलप्रभा शेवटच्यात पास, अर्थाच्या स्पष्टतेत नापास, हे वर पाहिलंच. गृह्यसूत्रात मुलीच्या नावाची अक्षरं विषम असावीत असं सांगितलंय, इथे चार भरतात. पण चार अक्षरी गोदावरी चालते, मग ही का नको?

नक्षत्राचं: मा, मी, मू, मे ही मघाची चरणं, रास सिंह. ‘म’ पहिल्या चरणात धरतात. मुलीचं नक्षत्र मघा नसेल तर पत्रिकेतलं नाव वेगळं ठेवून व्यवहारात मलप्रभा चालवता येतं. आपल्याकडे बाराव्या दिवशी पाळण्यात दोन नावं सांगायची पद्धत नवी नाही.

अनगोळकर

याच भागातली दुसरी नदी हवी असेल तर पर्याय आहेत, पण प्रत्येकाला काही ना काही खोट. निपाणीला जवळच्या वेदगंगा आणि दूधगंगा. वेदगंगा नाव म्हणून चांगलं आहे, दूधगंगा ऐकून डेअरी आठवते. हिरण्यकेशी सुंदर, म्हणजे सोनेरी केसांची. पण अक्षरं पाच, शिवाय ते वैदिक शाखेचंही नाव. ताम्रपर्णी चंदगडकडून येते, उच्चाराला जोडाक्षरं दोन. मार्कंडेय पुरुषाचं. सगळ्यांत सोपी मांडवी. म्हादई आपल्याच खानापूर तालुक्यात उगवते आणि गोव्यात मांडवी होते, आणि रामायणात भरताची बायकोही मांडवी. अर्थ सांगत बसायला नको.

तिसरं गेट

आणि घटप्रभा?

अनगोळकर

मिरज-बेळगाव लाइनीवर घटप्रभा स्टेशन आहे. पोरगी आयुष्यभर ‘गाडी किती वाजता?’ ऐकणार. एक फायदा मात्र आहे: आर्द्राच्या दुसऱ्या चरणाला ‘घ’ येतो, आणि ‘घ’वरून मुलीचं नाव सुचवताना भटजींनाही घाम फुटतो.

निपाणीकर

नक्षत्र मघाच निघालं. मलप्रभा ठरलं, एलनंतर ए घालून.

तिसरं गेट

छान. कन्नडात शेवटी ‘भा’ घ्या, ‘भे’ नको. कन्नडात संस्कृत आकारान्त शब्द ‘ए’कारान्त होतात, त्यामुळे गाण्या-कवितेत नदी ‘मलप्रभे’ होते. लिहिणाऱ्याची सवय तीच असेल तर दाखल्यावरही तसंच उतरतं, मग इंग्रजीत शेवटी ई येऊन बसतो.