'इफेक्ट' नेहमीच नाम नसते
इंग्रजीत 'अफेक्ट' (affect, परिणाम करणे) हे क्रियापद आणि 'इफेक्ट' (effect, परिणाम) हे नाम, हा नेहमी सांगितला जाणारा नियम बहुतेक वाक्यांत खरा ठरतो. पण तो निरपवाद मानणे मला धोक्याचे वाटते. 'इफेक्ट' क्रियापद म्हणूनही येते आणि तेव्हा त्याचा अर्थ 'घडवून आणणे' असा होतो, त्यामुळे 'टू अफेक्ट अ चेंज' म्हणजे होत असलेल्या बदलावर परिणाम करणे, तर 'टू इफेक्ट अ चेंज' म्हणजे तो बदल प्रत्यक्षात आणणे. दोन्ही शब्दांच्या मुळाशी 'करणे' या अर्थाचा एकच लॅटिन धातू आहे, मात्र 'इफेक्ट'मधला उपसर्ग 'बाहेर' असे सुचवतो. हे कळल्यापासून माझा स्वतःचा गोंधळ थांबला. मानसशास्त्रात तर उलट 'अफेक्ट' हेच नाम असते, भावनेचे चेहऱ्यावर व आवाजात दिसणारे रूप या अर्थाने, आणि त्याचा उच्चार करताना आघात पहिल्या अक्षरावर येतो.