‘ऊडल’ म्हणजे रुसवाच का?

कोरांटी: जेमिनी गणेशन-सावित्री या चित्रपटांतल्या जोडीवरचा एक तमिळ लेख मराठीत आणते आहे. ‘मिस्सियम्मा’ या चित्रपटातल्या (१९५५) प्रसंगांसाठी लेखक सारखा ‘ऊडल’ हा शब्द वापरतो. मी ‘रुसवा’ लिहिलं, तपासणाऱ्यांनी सगळीकडे ‘प्रेमकलह’ केलं. ऊडलमध्ये कलह असतो का?

तळटीप: नसतो. संघकाव्यात, म्हणजे प्राचीन तमिळ कवितेत, प्रत्येक भूप्रदेशाला प्रेमाची एकेक अवस्था दिलेली आहे. मरुदम, म्हणजे भातशेतीचा प्रदेश, त्याची अवस्था ऊडल. नायक दुसऱ्या बाईकडून परत येतो, नायिका रुसून दार उघडत नाही. ‘तिरुक्कुरळ’ या जुन्या तमिळ ग्रंथाचा शेवटचा, १३३वा अध्याय या रुसण्यातल्या सुखावरच आहे. त्याआधी १३०२व्या कुरळात (द्विपदीत) रुसण्याला मिठाची उपमा दिली आहे: बेताचं हवं, जरा जास्त पडलं की बिघडलं. ‘प्रेमकलह’ या शब्दात ते प्रमाण उरतच नाही. ‘रुसवा’ ठेवा. फक्त वाक्यात ‘धरला’, ‘काढला’ असं क्रियापद जोडा. नुसतं ‘ती रुसवा’ असं शीर्षकात आलं, तर उर्दू गझला ऐकणारा वाचक ‘बदनाम’ असा अर्थ घेईल.

दौतलेखणी: ‘लटका राग’ का नको? लावणीपासून चालत आलेला आहे.

तळटीप: लटका म्हणजे खोटा. ऊडलमधला राग खरा असतो, फक्त तो मोडावा अशी इच्छा त्यात असते. ‘अबोला’ही बसत नाही, कारण ऊडलमध्ये ती बोलते, आणि चांगलं टोचून बोलते. नेमका शब्द होता ‘मान’. प्राकृत गाथासप्तशतीतल्या नायिका तोच धरतात. आज ‘तिने मान धरली’ लिहिलं तर वाचकाला गळा आठवेल. ‘अनुनय’चंही तसंच झालं. मूळ अर्थ रुसलेलीची मनधरणी, पण बातम्यांनी त्याला मतपेटीशी बांधून टाकलं.

सह्यकडा: ऊडल आणि आपली ‘ओढ’ एकच असावीत. ओढ असल्याशिवाय कोण रुसतं?

तळटीप: अर्थ सुंदर जुळतो, पण व्युत्पत्ती अशी ठरत नाही. तमिळमध्ये ‘ऊडु’ म्हणजे रुसणे, ‘कूडु’ म्हणजे एकत्र येणे. दोन्हींना तोच ‘-अल’ प्रत्यय लागून ऊडल-कूडल ही जोडी होते. आपलं ‘रुसणे’ संस्कृत ‘रुष्’वरून प्राकृत ‘रूसइ’मार्गे आलं. आणि लिहिताना शेवटी ‘ल’च, ‘ऊडळ’ नव्हे.

वावटळ: मुळात लेखकाचाच शब्द चुकला आहे. ‘मिस्सियम्मा’त दोन बेकार शिक्षक नोकरीसाठी नवरा-बायको असल्याचं भासवतात. प्रेम जमायच्या आधीची भांडणं ऊडल कशी? ऊडलला आधी कूडल लागतं. पूर्वार्धात ‘नोकझोक’ लिहा, रुसवा उत्तरार्धासाठी ठेवा.

दौतलेखणी: नोकझोक हिंदी आहे. ‘त्यांचे खटके उडतात’ हे अस्सल मराठी असताना उसनवारी कशाला?

वावटळ: खटके सासू-सुनेचेही उडतात, भागीदारांचेही. नोकझोक म्हटलं की पुढे सूत जुळणार हे वाचकाला कळतं. मराठी वृत्तपत्रांत तो शब्द रुळला आहे. हिंदी आहे म्हणून हाकलून देऊ नका.

सह्यकडा: मग याच सावित्रीच्या ‘मायाबझार’ चित्रपटामध्ये (१९५७) काय म्हणाल? नायिका शशिरेखा आणि अभिमन्यू एकमेकांवर रुसत नाहीत, त्यांना वडीलधारी अडवतात. घटोत्कच तिचं रूप घेऊन लक्ष्मणकुमाराचा, म्हणजे दुर्योधनाच्या मुलाचा, पाय तुडवतो, तिथे मात्र राग पूर्ण लटका. खरी शशिरेखा आणि तिच्या रूपातला घटोत्कच, सावित्रीने दोन्ही वेगळे ठेवले आहेत.

कोरांटी: त्या चित्रपटाचाही उल्लेख लेखात आहे, पण नायिकेचं नाव ‘वत्सला’ दिलं आहे. दुरुस्त करू का?

तळटीप: अजिबात नको. शशिरेखा तेलुगूतली. तमिळ आवृत्तीत ती वत्सलाच आहे, आणि अभिमन्यूही जेमिनी गणेशन.

दौतलेखणी: आपल्याकडेही वत्सलाच. पण बाबूराव पेंटरांच्या १९२१च्या मूकपटाचं नाव ‘सुरेखाहरण’. हे ‘सुरेखा’ कुठून आलं? शशिरेखेचंच रूप म्हणायचं का?