अंगणभर पेव्हर: गोव्यात हे चुकतंय का?
(चर्चा. लिहिणाऱ्याचं टोपणनाव प्रत्येक मजकुराच्या वर आहे.)

पागोळी
तुळशीचं लग्न झालं की वाड्यावाड्यावर अंगणं उकरायला सुरुवात होते, आणि मे संपायच्या आत गेटपासून पायरीपर्यंत करड्या-तांबड्या पेव्हरची, म्हणजे काँक्रीटच्या ठोकळ्यांची, चादर पसरलेली असते. माझं मत आधीच सांगतो: गोव्यात अख्खं अंगण पेव्हरनं झाकणं ही चूक आहे. गाडीच्या चाकांपुरते दोन पट्टे, गेट ते पायरी चार फुटांची वाट आणि तुळशीभोवती फिरायला जागा, एवढंच पक्कं करावं. बाकीची माती, खडी, झाडं राहू द्यावीत.

हिशोब करू. ३० बाय २० फुटांचं अंगण म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. म्हणजे एवढ्याशा अंगणावर दीड लाख लिटरच्या वर पाणी. छपराचं वेगळंच. उघड्या मातीत त्यातलं काहीतरी मुरतं. खाली काँक्रीट ओतून वर पेव्हर बसवले की सगळं गेटमधून रस्त्यावर जातं, आणि एप्रिलात विहिरीचा तळ दिसायला लागला की टँकरवाल्याला फोन. शिवाय मे महिन्यात दिवसभर तापलेलं ते काँक्रीट संध्याकाळी बलकांवावर (घरापुढच्या बैठकीच्या ओट्यावर) बसू देत नाही, ते वेगळं.

चिरेबंद
साफ नामंजूर. "माती राहू द्या" म्हणणारे त्या मातीमागची मेहनत सांगत नाहीत. जुनं अंगण आपोआप तसं राहत नव्हतं. पाऊस गेला की वरचा शेवाळलेला थर खरवडायचा, नवी माती पसरायची, पाणी मारून चोपण्यानं चोपायची, वरून शेणाचं सारवण, आणि पुढे पावसाळ्यापर्यंत आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा सारवण. पावसाच्या तोंडावर भिंतींना झावळ्यांची झापं बांधायची. आज शेण कुठून आणणार आणि चोपायला माणूस कुठून? त्यामुळे आज ज्याला मातीचं अंगण म्हणतात ते बहुतेक वेळा सोडून दिलेलं अंगण असतं.

आणि घराचं काय? पागोळ्यांचं पाणी चिखलावर पडून चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीवर दीड-दोन फूट उडतं. चिरा पाणी ओढतो. बाहेरून सिमेंटचा गिलावा असेल तर ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, मग ती आत चढते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. अंगण पक्कं असलं, उतार नीट असला, तर पाणी भिंतीपासून लांब जातं. घर वाचवायचं की विहीर, हे आधी ठरवा.

पागोळी
चिरेबंद बाब, पाणी कडक फरशीवर पडलं तर जास्त उडतं की खडीवर? पागोळ्यांच्या रेषेखाली पेव्हर घातलेत तर शिंतोडे आणखी वर जातील. तिथे दोन फूट रुंदीचा, नऊ इंच खोल चर काढून २० मिलिमीटरची खडी भरा, तळाला उतार द्या. किंवा सरळ पन्हळ लावा. भिंत वाचवायला ६०० चौरस फूट झाकायची गरज नाही.

चिरेबंद
पन्हळीत आंब्याची पानं अडकली की पाणी मागच्या बाजूनं वाशांवर उतरतं. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी शिडीवर कोण चढणार? खडीचा चर मात्र मान्य.

सडेकर
दोघेही पेव्हर म्हणजे एकच वस्तू धरून चालला आहात. कसे बसवले यावर सगळं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जाडी. माणसं आणि दुचाकीपुरतं असेल तर ५० मिलिमीटर, एम-३० (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची प्रत). घरची गाडी येत असेल तर ६० मिलिमीटर, एम-३५. पाण्याचा टँकर आत येणार असेल तर ८० मिलिमीटर, एम-४०. आयएस १५६५८ या पेव्हरच्या भारतीय मानकात अशीच वर्गवारी आहे, दुकानदाराला तोच आकडा सांगा. रबर मोल्डमध्ये ओतलेले चकचकीत पेव्हर दिसायला छान, पण ओले झाले की घसरतात. यंत्रावर दाबून काढलेले खरखरीत घ्या आणि किती दिवसांचे आहेत ते विचारा. अठ्ठावीस दिवस झालेले नसतील तर थांबा.

खोदाई. ६० मिलिमीटर पेव्हर, खाली ४० मिलिमीटर वाळू, त्याखाली १५० मिलिमीटर दाबलेली खडी. एकूण २५० मिलिमीटर, म्हणजे दहा इंच खाली जावंच लागतं. इथेच घोटाळा होतो. खोदाईचे पैसे वाचवायला जुन्या जमिनीवरच थर चढवतात, अंगण पाच-सहा इंच वर येतं, गेट घासायला लागतं आणि जोत्याची उंची कमी होते. अंगणाची तयार पातळी जोत्याच्या माथ्यापासून निदान सहा इंच खाली हवी. उतार दहा फुटांना दोन इंच, तोही घरापासून बाहेर.

५६ चौरस मीटरला दाबलेली खडी भरते साधारण तीन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दाबताना ती बसते, म्हणून पावणेचार ते चार ब्रास मागवा. वाळू पाऊण ते एक ब्रास. २०० बाय १०० चे पेव्हर चौरस मीटरला ५०, म्हणजे २८००, वर पाच टक्के तुटफूट.

वाळूच्या जागी क्रशरची डस्ट टाकू देऊ नका. स्वस्त पडते म्हणून सगळे तीच टाकतात. तिच्यातला बारीक भुगा पाणी धरून ठेवतो. जुलैत चाकाखाली त्याचा रबडा होतो, सांध्यांतून वर येतो आणि गाडीच्या चाकोरीत दोन खड्डे पडतात. लोक म्हणतात पेव्हर दबले. दबला तो खालचा थर.

कडेला काँक्रीटची कड हवीच. ती नसली की बाहेरची ओळ सरकते, सांधे उघडतात आणि वीण उसवल्यासारखं होत जातं. सांधे दोन ते चार मिलिमीटर, त्यात कोरडी बारीक वाळू झाडून भरायची. आधी नुसत्या पेव्हरवर प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरून दाबणारं यंत्र) फिरवायचा, मग वाळू, मग पुन्हा कॉम्पॅक्टर. नुसत्या रबरी हातोड्यानं ठोकून निघून जाणाऱ्याला उरलेले पैसे देऊ नका.

आणि ते प्लास्टिक. "गवत येऊ नये म्हणून" वाळूखाली प्लास्टिकचा कागद घालतात. सांध्यांतलं गवत खालून येत नाही, वरून उडून आलेल्या बियांचं येतं. प्लास्टिक फक्त पाणी अडवतं आणि वरचे पेव्हर डुलायला लागतात. खाली काँक्रीट असेल तर हाच त्रास. तरीही काँक्रीट करायचंच असेल तर सखल बाजूला दोन इंची भोकं सोडून त्यात खडी भरा.

वाळूवर असे बसवलेले पेव्हर पाणी थोडंफार पितात. पागोळी बाब, तुमचा दीड लाख लिटरचा हिशोब काँक्रीटवाल्या अंगणाला लागू आहे, सगळ्यांना नाही.

पागोळी
पहिल्या वर्षी पितात. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत सांध्यांत तांबडी माती आणि शेवाळ घट्ट बसतं. मग ते पिणं नावापुरतं. बाकी तुमचं सगळं कबूल, फक्त ते ६०० ऐवजी २०० चौरस फुटांवर करा.

परसातली
शेवाळाचा विषय निघालाच आहे तर पक्क्या अंगणाच्या बाजूच्यांनी हे वाचावं. ऑगस्टमध्ये सावलीतल्या पेव्हरवर म्हातारी माणसं पडतात. मातीवर पाय रुततो, शेवाळावर सटकतो. उपाय आहे, पण दर वर्षी करावा लागतो: दहा लिटरच्या बादलीत दीडशे ते दोनशे ग्रॅम ब्लीचिंग पावडर, उघडीप बघून शिंपडायची, अर्धा तास ठेवून ताठ ब्रशनं घासायचं. धुतलेलं पाणी विहिरीकडे किंवा तुळशीच्या मुळाशी जाऊ द्यायचं नाही. ॲसिड वापरू नका, सिमेंट खातं. ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र तर कधीच नाही, क्लोरिनचा वायू निघतो. प्रेशरचा पाइप जवळून मारला तर शेवाळ जातं आणि सडेकर बाबांची सांध्यातली वाळूही जाते. ती पुन्हा भरायला लागते, हे कोणी सांगत नाही.

आता माती-खडीवाल्यांना. हल्ली मोबाइलवर चित्रं बघून पांढरी खडी आणि कॅक्टस लावायची टूम आली आहे. ती चित्रं ॲरिझोनासारख्या वाळवंटातल्या घरांची. फिनिक्स शहरात वर्षाला २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आपल्याकडे जुलैतला एखादा दिवस तेवढा देऊन जातो. तिथे पाणी वाचवायला हिरवळ काढून खडी टाकतात, ते तिथे शहाणपणाचं. इथे ती खडी गणेश चतुर्थीपर्यंत हिरवी होते, आंब्या-फणसाची पानं तिच्यात कुजतात, झाडूनं निघत नाहीत आणि कॅक्टस मुळाशी सडतो. खडी हवी तर काळी, २० मिलिमीटरची, आणि झाडाखाली नको.

हिरवळही नको. चौरस मीटरला दिवसाला पाच लिटर धरलं तरी ५६ चौरस मीटरला २८० लिटर, तेही नेमकं फेब्रुवारी ते मे.

चिरेबंद
मग उरलं काय? पेव्हर नको, खडी नको, हिरवळ नको.

परसातली
अनंत, जास्वंद, अळू, हळद, कडीपत्ता. मातीवर वाळलेली पानं चार इंच. पावसाचा मार पानं झेलतात, माती वाहत नाही. साप येतात म्हणाल, तर भिंतीपासून तीन फूट मोकळं आणि झाडलेलं ठेवा.

सडेकर
झाडांवरून एक. आंबा-फणसाच्या खोडाभोवती चारी बाजूंनी दीड मीटर मोकळं सोडा. या झाडांची जाड मुळं पेव्हर उचलतात आणि मग लोक मूळ तोडतात, पुढच्या वादळात झाड घरावर. माडाचं मूळ तंतुमय, ते उचलत नाही. माडाखाली गाडी लावू नये, पण ते पेव्हरवाल्याच्या हातात नाही.

खाजनकाठ
पाणी मुरवा, पाणी मुरवा असं सगळे म्हणतात. कुठे मुरवणार? पर्वरीच्या सड्यावर (उंच कातळी पठारावर) चालेल. खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीच्या) कडेला घर असेल तर जुलैत दोन-तीन फुटांवर पाणी लागतं. तिथे शोषखड्डा म्हणजे डासांचं टाकं. अशा जागी माती उघडी ठेवून मिळतो फक्त चिखल. पक्कं करा, उतार द्या, पाणी बाहेर काढा, मोकळे व्हा.

सड्यावरही आकडे बघा. एक मीटर लांब-रुंद, दीड मीटर खोल खड्ड्यात दगड भरले की पाण्याला जागा उरते पाच-सहाशे लिटर. तासाला ५० मिलिमीटरची सर आली तर पागोळींच्या अंगणात २८०० लिटर. खड्डा बारा-तेरा मिनिटांत भरला. पुढे?

पागोळी
पुढे तो किती वेगानं रिकामा होतो ते बघायचं. खड्डा खणण्याआधी एक फुटाचा छोटा खळगा करून दोनदा पाण्यानं भरून जिरू द्या, तिसऱ्यांदा भरून घड्याळ लावा. तासाभरात चार-पाच इंच उतरलं तर खड्डा कामाचा. इंचभरही हललं नाही तर खाली शेडी (पाणी न जिरवणारी चिकणमाती) लागली समजा आणि नाद सोडा. घराच्या पायापासून तीन मीटर लांब, संडासाच्या टाकीपासून त्याहून लांब. खाजनाकाठी तुमचं म्हणणं बरोबर, तिथे मी आग्रह धरणार नाही.

चिरेबंद
आणि विहिरीचं? जुलैत विहीर काठोकाठ असते. तेव्हा मुरवलेलं पाणी चिऱ्यातून बाजूनं झिरपत बरंचसं खालच्या व्हाळाला (ओढ्याला) लागतं. एप्रिलच्या टँकरचं खापर पेव्हरवर फोडता, पण त्याच वाड्यावर गेल्या काही वर्षांत बोअरवेल किती झाल्या ते मोजा.

पागोळी
बोअरवेल मोजाच. पण व्हाळाला पाणी उशिरा लागणं हाच फायदा आहे. पेव्हरवरून ते दहा मिनिटांत जातं, जमिनीतून जायला त्याला दिवस लागतात.

सडेकर
विहिरीत थेट पाणी सोडायचं असेल तर छपराचंच, पहिले चार-पाच पाऊस वाया जाऊ देऊन, वाळू-खडीच्या गाळणीतून. अंगणाचं पाणी कधीच नाही. त्यात गाडीचं तेल आणि कुत्र्या-मांजरांची घाण असते.

खाजनकाठ
शेजाऱ्याबद्दल कोणीच बोललं नाही. उतार "बाहेर" म्हणजे कोणाकडे? पूर्वीचा चिऱ्याचा कोरडा, सिमेंटशिवाय रचलेला गडगा पाणी सोडायचा. आता दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली कंपाउंड वॉल, मागे भरलेली माती, वर पेव्हर. जुलैत मागे पाणी तुंबतं आणि भिंत शेजाऱ्याच्या अंगणात.

सडेकर
भिंतीत जमिनीलगत दर पाच-सहा फुटांना तीन इंची पाइप, आतल्या तोंडाशी खडी, आणि त्यांचं पाणी भिंतीलगतच्या उघड्या चिऱ्याच्या गटारात घेऊन आपल्याच हद्दीतून रस्त्याच्या गटारापर्यंत. गटार पेव्हरच्या आधी करायचं, नंतर नाही. झाकण लोखंडी जाळीचं नको, दोन पावसाळ्यांत गंजतं. काँक्रीटची हलवता येणारी झाकणं घ्या, मेच्या शेवटी काढून गाळ उपसता आला पाहिजे. आणि काम एप्रिलच्या आत संपवा. वळीव पडलेल्या ओल्या खडीवर कॉम्पॅक्टर फिरवून काही बसत नाही.